हिरेमळगीच्या फुल्या

पहिली फुली उठली ती पाडव्यानंतरच्या सोमवारी, नागम्माच्या डाव्या दंडावर. शांतम्मा लेकीची वेणी घालायला बसली होती. पोलक्याची बाही वर सरकली आणि ती दिसली. बोटाच्या पेराएवढी, काळी, कडेनं लाल, वर पाणी भरलेला फोड. दोन रेघा एकमेकींना बरोबर मधोमध छेदणाऱ्या. चटका म्हणावा तर चटका इतका आखीव नसतो. शांतम्मानं विचारलं तेव्हा पोर म्हणाली, ठाऊक न्हाई अव्वा, सकाळी उठले तर होती.

शांतम्मानं खोबरेल लावलं आणि विषय सोडून दिला. घरात लग्न उभं होतं. नागम्माला सोळावं लागलं होतं आणि उदगीरच्या चन्नबसप्पाशी वैशाखात अक्षता पडायच्या होत्या. आडतीतलं मोठं घर, दाराशी जीप. चन्नबसप्पा बिजवर होता, पहिली बायको वर्षामागं विहिरीत पडून गेली होती. पडली की कुणी ढकलली, याबद्दल उदगिरात दोन तोंडांनी बोललं जायचं. ते शांतम्माच्या कानावर आलेलं होतं. तिनं नवऱ्याला, धोंडप्पाला, एकदा विचारलंही होतं. धोंडप्पाचं गावात किराण्याचं दुकान होतं, शब्दाला वजन होतं. लोक काय, काहीही बोलतात, एवढंच तो म्हणाला होता आणि शांतम्मानं ते पटवून घेतलं होतं.

हिरेमळगी निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या अंगाला. लातूर जिल्हा होऊन आठ महिने झाले होते. निलंग्याच्या कचेऱ्यांवरच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून त्यावर लातूर रंगवलं होतं, पण गावात जिल्हा पोचला तो टँकर होऊन. पावसानं दुसऱ्या सालीही दगा दिला होता. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, आडात पाणी ओतायचा आणि जायचा. मग आडावर बायकांची झोंबाझोंबी. मांगवाड्यातल्या बायकांनी आडाला हात लावायचा नव्हता. त्या बाजूला घागरी मांडून उभ्या राहायच्या, कुणाला वाटलंच तर ती वरून धार धरायची.

त्या बायकांत केवळाबाई असायची. साठीची, काटकुळी, गावाची सुईण. पंधरा वर्षांपूर्वी शांतम्मा दोन दिवस अडली होती, मूल पायाळू होतं, तेव्हा हिनंच हात घालून नागम्माला जिवंत बाहेर काढलं होतं. बाराव्या दिवशी तिला लुगडं दिलं होतं आणि ती बसली होती ती जागा शेणानं सारवून घेतली होती. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, खुद्द केवळाबाईलाही नाही.

दुसरी फुली पोटावर उठली. तिसरी आणि चौथी डाव्या मांडीवर, एकीखाली एक. आता लपवणं शक्य नव्हतं. शेजारच्या बायका येऊन बघून गेल्या. बघताना कुणी तो शब्द काढला नाही, पण अंगणात गेल्यावर काढला. भानामती. त्या आठवड्यात आडावर टँकरची वाट बघत उभी असलेली एक तरणी सून एकाएकी खाली बसली आणि कुत्र्यासारखी भुंकायला लागली. दोन दिवसांनी आणखी एक. ऊन मरणाचं होतं, बायका पहाटेपासून उपाशी उभ्या असायच्या, पण उन्हाकडं बोट दाखवणारं कुणी नव्हतं. गावानं दुपारची दारं लावून घ्यायला सुरुवात केली. उंबऱ्यांवर लिंबं दिसायला लागली.

धोंडप्पानं बिदरकडच्या एका खेड्यातून जाणता बोलावला. मलप्पा त्याचं नाव. दुकानाच्या ओट्यावर तो मांडी घालून बसला, समोर निम्मं गाव. त्यानं नागम्माचा दंड पाहिला, तांदूळ फिरवले, डोळे मिटले आणि एवढंच विचारलं की या पोरीच्या अंगाला बाहेरचा हात कुणाचा लागलाय. मग मागून कुणीतरी म्हणालं, केवळाबाई आली होती की, पाडव्याला.

आली होती खरीच. सणाचं मागायला आली होती आणि नागम्माच्या गालावरून हात फिरवून म्हणाली होती, दिष्ट लागंल पोरीला, जपा. मलप्पानं नाव घेतलं नव्हतं. नागम्मानं तर नाहीच. पण नाव एकदा हवेत आलं आणि मग ज्याला त्याला काही ना काही आठवायला लागलं. ती एकटी चालताना ओठ हलवते. माळावर जाऊन मुळ्या खणते. पोलीस पाटील शेषेरावाच्या घरी तिच्या हातानं एक मूल मेलेलं आलं होतं. यातलं सगळं गावाला वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि तोवर त्याला काही अर्थ नव्हता. सांजेपर्यंत प्रत्येक गोष्टीला अर्थ आला.

उपायही ठरला. करणी करणाऱ्याचे पुढचे दात पाडले की मंत्र नीट उमटत नाही आणि करणी उतरते. अमावास्येला, मारुतीच्या पारावर. अमावास्या पाच दिवसांवर होती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या फोडांना तेल लावताना शांतम्माचा हात थांबला. दंड डावा. मांडी डावी. पोट. पाठीवर एकही नाही, उजव्या हातावर एकही नाही. उजव्या हाताला पोचतील अशाच जागी सगळ्या फुल्या होत्या. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. नागम्मा न्हाणीत गेल्यावर तिनं लेकीची गोधडी झटकली, ट्रंक उघडली, शेवटी जात्यामागच्या कोनाड्यात हात घातला. चिंधीत गुंडाळलेले तीन बिब्बे आणि एक दाभण. बिब्बे त्यांच्याच दुकानातले. दाभणाचं टोक काळं झालेलं.

नागम्मा ओल्या केसांनी दारात उभी राहिली. आईच्या हातातली चिंधी बघून ती रडली नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "मला विहिरीत जायचं न्हाई, अव्वा."

मग तिनं सगळं सांगितलं. चन्नबसप्पाच्या पहिल्या बायकोचं तिनं बाजारात ऐकलं होतं. आईला सांगावं तर आईला ते ठाऊकच होतं, कारण आईनं अप्पांना विचारलेलं तिनं भिंतीआडून ऐकलं होतं, आणि अप्पांचं उत्तरही. अंगावर कोड-डाग असलेली पोरगी उदगीरवाले नाकारतील, एवढंच तिच्या मनात होतं. बिब्ब्यानं परीट कपड्यावर खूण करतो, तसं. भानामती वगैरे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या बाया का भुंकायला लागल्या हे तिला आजही कळत नव्हतं, आणि आता तिला स्वतःलाच भीती वाटायला लागली होती, की आपल्या फुल्यांतून खरंच काहीतरी आत शिरलं की काय.

शांतम्मानं दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, धोंडप्पासमोर चिंधी ठेवली. त्यानं बिब्बे उलटसुलट करून पाहिले. तो ओरडेल, पोरीला मारेल, असं शांतम्माला वाटलं होतं. त्यानं तसं काही केलं नाही. चिंधी गुंडाळून गल्ल्याच्या खाली सरकवली आणि हळू आवाजात म्हणाला, "त्या दोन बायांनी बी बिब्बा लावला होता काय?"

"न्हाई, पण..."

"मग हे घरात ऱ्हाऊ दे. चारचौघांत माझ्या ओट्यावर केवळीचं ठरलंय. आता पोरगी खोटी म्हणून सांगू? तिला कोण करंल? मला कोण इचारंल?"

शांतम्मानं विचारलं, आणि त्या म्हातारीचं काय. धोंडप्पानं तागडीवरची धूळ पुसली. दातच जातील, जीव थोडाच जाणार हाय, असं तो म्हणाला. पंचवीस वर्षांच्या संसारात शांतम्माला नवऱ्याची भीती वाटली नव्हती. तो रागावलेला असता तरी वाटली नसती. त्याचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलतानाचा होता.

ती शेषेरावाकडं गेली. लेकीचं नाव न काढता तिनं एवढंच सांगितलं की अमावास्येला पारावर होणार आहे ते पोलीस पाटलानं थांबवायला हवं. शेषेराव सुपारी कातरत ऐकत होता. त्याला त्या दिवशी सासुरवाडीला जायचं आहे, म्हणाला. ते कधी ठरलं, हे तिनं विचारलं नाही.

मग ती मांगवाड्यात गेली. भर दुपारी, शेताकडं जायचं निमित्त करून. जन्मात ती तिथं आत गेली नव्हती. दगडोबा, केवळाबाईचा लेक, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेला होता आणि म्हातारी झोपडीच्या सावलीत तूर निवडत होती. तिनं लगबगीनं पोतं झटकून अंथरलं. पाणी विचारलं नाही. घेणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि घागरीत ते फारसं नव्हतंही.

"केवळाबाई, तू आज सांजच्या गाडीनं जा. नायगावला लेक हाय न तुझी? तिकडं जा."

"कामून जाऊ? गेले तर म्हनतील पळाली, म्हंजी तिनंच केलं."

"त्ये लोक दगड घेऊन येतील."

केवळाबाईनं तुरीतला खडा वेचून टाकला. तिचे दात अजून सगळे शाबूत होते, बारीक, मिश्रीनं काळवंडलेले. "ह्या गावात दीडशे लेकरं माझ्या हातानं आली, मालकीण. पारावर जमतील त्यातल्या निम्म्यांची नाळ म्या कापली. त्यास्नी म्या वळखते, त्ये मला वळखत्यात. येकाला तरी लाज वाटंल का न्हाई?" मग तिनं वर पाहिलं. "आन तुमी आलाव की. तुमी सांगताल त्यास्नी."

शांतम्माच्या जिभेवर सगळं आलं होतं. बिब्बे, दाभण, परीट. ते बाहेर पडलं असतं तर केवळाबाईनं लगोलग दगडोबाला सांगितलं असतं, दगडोबानं मांगवाड्याला, आणि सांजेच्या आत नागम्माचं नाव आडावर आलं असतं. तिनं ते गिळलं. "हाव," एवढंच ती म्हणाली, "सांगते."

परतताना तिला कळत होतं की गावात सांगण्यासारखं माणूस उरलेलं नाही. अमावास्येला दोन दिवस राहिले होते. निलंग्याच्या ठाण्यात धोंडप्पाची ऊठबस होती, तिथं गेलं तर निरोप आधी दुकानात पोचला असता. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तिनं नागम्माला घेऊन गाव सोडलं, निलंग्याच्या स्टँडवर गाडी बदलली आणि थेट लातूर गाठलं. कमरेला चिंधी खोचलेली होती. गल्ल्याखालून ती काढताना धोंडप्पा घोरत होता.

पोलिसांची मोठी कचेरी नवीन होती. भिंतींना चुन्याचा वास येत होता, व्हरांड्यात दोरीनं बांधलेले कागदांचे गठ्ठे रचलेले होते. बाकावर तास-दीड तास बसल्यावर आत बोलावलं. साहेब वयानं तरुण होता, पुण्याकडच्या बोलीत बोलत होता. त्यानं शांतम्माचं सगळं ऐकून घेतलं, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की हा घरातला भांडणतंटा असावा अशी त्याला शंका आहे. तेव्हा नागम्मा उठली. तिनं आईच्या कमरेची चिंधी काढली, टेबलाच्या कडेवर बिब्बा दाबून धरला, दाभण त्यात खुपसलं आणि साहेबाच्या डोळ्यांदेखत डाव्या मनगटावर दोन रेघा ओढल्या. काळं तेल कातडीत उतरलं. तिनं दात आवळले होते.

"सांजपर्यंत फोड येतो," ती म्हणाली.

साहेब खुर्चीतून अर्धवट उठला होता. तो परत बसला. "मग त्या बाईचं नाव तू का घेतलंस?"

"म्या कुणाचंच नाव घेतलं न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई."

त्यानंतर वेळ लावला नाही कुणी. जबाब लिहून अंगठे झाले, जीप निघाली, त्यात चार शिपाई आणि या दोघी. रस्त्यानं माळ पिवळे पडलेले, जनावरांचे सांगाडे कडेला ओढून टाकलेले. नागम्मा मनगटावर फुंकर घालत होती. शांतम्माला वाटत होतं, अजून एक दिवस हातात आहे.

तो दिवस हातात नव्हता. सकाळी उठून धोंडप्पानं गल्ल्याखाली हात घातला होता आणि मग निलंग्याच्या स्टँडवर माणूस पाठवला होता. मायलेकींना लातूरच्या गाडीत बसताना पाहिलेले लोक होते. त्यानं गावाला काय सांगितलं, ते पुढं कोर्टात तीन जणांनी तीन प्रकारे सांगितलं. पण एवढं नक्की, की अमावास्येपर्यंत थांबायचं नाही असं मलप्पानं ठरवलं आणि धोंडप्पानं नको म्हटलं नाही. बाराच्या सुमाराला ते केवळाबाईला तूर निवडता निवडता घेऊन गेले.

जीप गावात शिरली तेव्हा चार वाजले होते. रस्त्यावर माणूस नव्हतं. पारावर कुणी नव्हतं. पार मात्र ओला होता. दोन सालांत त्या गावात कुणी अंगणात सडा टाकला नव्हता, आणि मारुतीचा पार टँकरच्या पाण्यानं खळखळून धुतलेला होता. दगडांच्या सांध्यांत पाणी अजून साचलेलं होतं.

केवळाबाई मांगवाड्यातल्या लिंबाखाली पडली होती. दगडोबा कामावरून धावत आला होता, त्यानं तिच्या तोंडाला धोतराचा पट्टा बांधला होता आणि तो भिजून काळा झाला होता. शांतम्मा जवळ जाऊन बसली तेव्हा म्हातारीनं डोळे उघडले. पट्ट्याआडून तिनं काहीतरी विचारलं. पहिल्यांदा कळलं नाही. दुसऱ्यांदा कळलं.

"सांगितलाव?"

"हाव," शांतम्मा म्हणाली. "सांगितलं."

केवळाबाईनं मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्यात राग नव्हता. राग असता तर शांतम्माला बरं वाटलं असतं.

केवळाबाई वाचली. महिनाभर ती लातूरच्या दवाखान्यात होती, मग लेकीकडं नायगावला गेली ती कायमची. खटला दोन वर्षं चालला. ती साक्षीला उभी राहिली तेव्हा तिचे शब्द कुणाला उमगेनात. न्यायाधीश तिला प्रत्येक वाक्य पुन्हा म्हणायला लावत होते आणि ती न कंटाळता पुन्हा म्हणत होती. कुणी धरलं, कुणी दगड हाणला, कुणी पाणी आणलं. नाव घेताना ती त्या त्या माणसाकडं बघायची आणि त्याचा जन्म कोणत्या सालचा तेही सांगायची. धोंडप्पाकडं बोट करून मात्र ती म्हणाली की यानं हात लावला नाही, हा नुसता उभा होता. तो सुटला. मलप्पासकट चौघांना शिक्षा झाल्या.

शांतम्मा परत हिरेमळगीला गेली नाही. लातुरात तिचा भाऊ वीरभद्र डाळ मिलमध्ये कामाला होता, तिथंच तिनंही निवडणीचं काम धरलं. नागम्मा शिवणकाम शिकली. तिच्या अंगावरच्या फुल्या फिक्या झाल्या, पण मनगटावरची गेली नाही. उदगीरहून निरोप आला नाही की दुसऱ्या कुठून.

वर्षातून एकदोनदा शांतम्मा नायगावला जायची. केवळाबाईसाठी डाळीची चुणी, एखादं लुगडं. दोघी ओट्यावर बसायच्या, फार बोलायच्या नाहीत. पहिल्या खेपेला तिथं पाणी पिताना तिचा हात क्षणभर अडला होता, तो केवळाबाईनं बघितला होता. पुढच्या खेपांना अडला नाही.

अशाच एका खेपेला, नांदेडच्या गाडीत, तिच्या शेजारी एक बाई येऊन बसली. मांडीवर दीड-दोन वर्षांचं लेकरू. निलंग्याकडची होती, माहेरी चालली होती, बोलकी होती. बोलता बोलता गाडी भानामतीवर आली. तुम्हाला म्हणून सांगते, ती म्हणाली, आमच्या बाजूला हिरेमळगी म्हणून गाव आहे. एका सुईणीनं सगळं गाव धरलं होतं. पोरींच्या अंगावर फुल्या उठत होत्या, बाया भुंकत होत्या, पाऊस बांधून टाकला होता. शेवटी लोकांनी तिचे दात पाडले. तर काय, त्याच दिवसापासून फुल्या बंद. भुंकणं बंद. अन् मिरगाला असा पाऊस पडला की आड तोंडापर्यंत भरले. पोलिसांनी उगाच गरीब माणसं आत टाकली, पण खरं काय ते सगळ्या मुलखाला कळलं.

शेवटी सांगितलेल्या खुणा खोट्या नव्हत्या. फुल्या त्या दिवशीच बंद झाल्या होत्या. पाऊसही पडला होता. शांतम्मा खिडकीबाहेर बघत राहिली. अहमदपूर मागं पडलं होतं. दोन्हीकडं ज्वारी कमरेएवढी आली होती. बाई आता दुसऱ्या कुठल्या गावची गोष्ट सुरू करणार तेवढ्यात शांतम्मा वळली.

"ती पोरगी माझी हाय," ती म्हणाली. "फुल्या तिनंच काढल्या होत्या. बिब्ब्यानं. म्या डोळ्यानं बघितलंय."

बाईनं शांतम्माचं तोंड न्याहाळलं, गळ्यातलं लिंग न्याहाळलं, मग मांडीवर ठेवलेले तिचे हात. म्हणाली, "तुमची लेक? तिनं सोताच काढल्या?"

"हाव."

"कुणी शिकवलं तिला?"

शांतम्मा सांगायला लागली, पण बाई ऐकत नव्हती. तिनं झोपलेलं लेकरू उचलून दुसऱ्या मांडीवर, खिडकीपासून लांब घेतलं आणि त्याच्या तोंडावर पदर ओढला. पुढच्या थांब्यावर तिनं बोचकं उचललं आणि मागच्या बाकावर, दुसऱ्या दोन बायांच्या मधे जाऊन बसली. थोड्या वेळानं मागून कुजबुज सुरू झाली. शांतम्मानं मान वळवली नाही. नायगाव यायला अजून तास होता, आणि त्या तासात मागच्या बाकावरून एकेक डोकं पुढं होऊन तिच्याकडं बघून जात होतं.